गुडघ्याच्या अस्थिबंधाचे भरून येणे आणि सांध्यातील दाह : एका गृहीताची चिकित्सा

सारांश

गुडघ्याच्या आतील अग्र क्रुसिएट अस्थिबंध (ए.सी.एल.) एकदा तुटला की तो आपोआप सांधत नाही, हे विधान क्रीडावैद्यकात दीर्घकाळ सिद्धान्तासारखे वापरले गेले. त्याचे कारण सांगताना सांध्यातील पेशींच्या दाहाकडे बोट दाखवले जाते आणि त्यातूनच दाह जितका लवकर शमवावा तितके चांगले, असा निष्कर्ष काढला जातो. पेशीस्तरीय, प्राणिस्तरीय व मानवी अभ्यासांचा पुरावा एकत्र तपासला असता या दोन्ही विधानांना मोठी मर्यादा पडते, असे प्रस्तुत लेखात दाखवले आहे. दाह ही भरून येण्याची पहिली पायरी आहे. ती लांबली किंवा चुकीच्या जागी घडली तर हानी करते, परंतु ती अजिबात नसली तरीही ऊतीची बांधणी कमकुवत राहते.

बीजसंज्ञा : अस्थिबंध, संधिकला, दाह, सायटोकाइन, महाभक्षी पेशी, फायब्रिन, क्रीडा-इजा

१. प्रस्तावना

कबड्डी, खो-खो, फुटबॉल आणि बास्केटबॉल या खेळांत पाय जमिनीवर रोवलेला असताना शरीर वळले की गुडघ्यावर पिळाचा ताण येतो. अशा क्षणी अग्र क्रुसिएट अस्थिबंध तुटण्याची शक्यता असते. गुडघा काही तासांत सुजतो, कारण सांध्यात रक्तस्राव होतो. पुढील काही दिवसांत खेळाडूला दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. पहिली, ‘लिगामेंट फाटले, आता ऑपरेशनशिवाय इलाज नाही.’ दुसरी, ‘आधी सूज उतरवा.’ ही दोन्ही वाक्ये सल्ला म्हणून उच्चारली जात असली तरी त्यांच्या मागे एक वैज्ञानिक दावा आहे. हा दावा कोणत्या पुराव्यावर उभा आहे आणि तो पुरावा त्याचा भार पेलू शकतो का, हा प्रश्न वैद्यक शाखेपुरता मर्यादित नाही. विद्यार्थी-खेळाडूंशी रोज संबंध येणाऱ्या प्रत्येक अध्यापकाला त्याचे उत्तर माहीत असणे उपयोगाचे आहे.

२. अभ्यासाचा हेतू व मर्यादा

प्रस्तुत लेखाचे हेतू तीन आहेत : (अ) सांध्यातील दाह व अस्थिबंधाचे भरून येणे यांच्या संबंधाविषयीच्या पुराव्याची पातळीनिहाय मांडणी करणे, (ब) एका पातळीवरील निष्कर्ष दुसऱ्या पातळीवर लावताना होणारी तर्काची घसरण दाखवणे, (क) मराठीत या विषयावर बोलताना वापरल्या जाणाऱ्या परिभाषेचा विचार करणे. लेख प्रकाशित संशोधनाच्या वाचनावर आधारलेला आहे. उपचाराचा सल्ला देणे हा त्याचा हेतू नाही.

३. दोन अस्थिबंध, दोन परिणाम

गुडघ्यातील दोन अस्थिबंधांची तुलना केल्याशिवाय हा प्रश्न नीट मांडता येत नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा मध्य पार्श्व अस्थिबंध (एम.सी.एल.) सांध्याच्या पोकळीबाहेर असतो. तो फाटला तर तेथे रक्ताची गुठळी जमते आणि तिच्यातील फायब्रिनचे जाळे मचाणासारखे काम करते. त्यावर पेशी चढतात, नव्या रक्तवाहिन्या येतात व कोलॅजेन तयार होते. बहुतेक रुग्णांत हा अस्थिबंध शस्त्रक्रियेशिवाय सांधतो. सांधलेला भाग मात्र मूळ ऊतीसारखा नसतो. त्यात तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनचे प्रमाण अधिक असते, तंतू बारीक असतात व त्यांची रचना कमी शिस्तबद्ध असते. हा एक प्रकारचा व्रणच असतो, पण तो भार घेऊ शकतो.

अग्र क्रुसिएट अस्थिबंध सांध्याच्या आत, संधिकलेच्या आवरणाखाली असतो. तो तुटताना हे आवरणही फाटते आणि दोन्ही टोके संधिद्रवात उघडी पडतात. बोस्टन येथील मार्था मरे व सहकाऱ्यांनी 2000 साली तुटलेल्या मानवी अस्थिबंधांचा सूक्ष्मदर्शकीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दाह, बाह्यावरणाची पुनर्निर्मिती, पेशीवृद्धी आणि पुनर्रचना असे चार टप्पे आढळले. म्हणजे तुटलेला अस्थिबंध निष्क्रिय पडून राहत नाही. त्यात पेशी वाढतात, रक्तवाहिन्याही येतात. परंतु दोन टोकांना जोडणारा ऊतीचा पूल तयार होत नाही. उलट तुटलेल्या टोकांवर संधिकलेसारख्या पेशींचा थर पसरतो. या पेशींत स्नायूंमध्ये आढळणारे आकुंचनक्षम ॲक्टिन प्रथिन असते आणि टोके आखडण्याशी त्याचा संबंध जोडला गेला आहे.

हे निरीक्षण महत्त्वाचे आहे, कारण त्यामुळे मूळ प्रश्नच बदलतो. भरून येण्याची प्रक्रिया सुरू होत नाही, असे आता म्हणता येत नाही. ती सुरू होते, पण मधली पोकळी ओलांडू शकत नाही. तिला ती का ओलांडता येत नाही, हा खरा प्रश्न आहे.

४. दाहाची दोन रूपे : पेशीस्तरीय पुरावा

इजेनंतर संधिकलेतील पेशी, रक्तातून आलेल्या पांढऱ्या पेशी आणि अस्थिबंधातील तंतुजनक पेशी हे तिन्ही घटक सक्रिय होतात. संधिद्रवात इंटरल्यूकिन-1 बीटा, इंटरल्यूकिन-6, इंटरल्यूकिन-8 आणि ट्युमर नेक्रोसिस फॅक्टर-अल्फा या दाहकारक सायटोकाइनांचे प्रमाण वाढते. त्यांच्या प्रभावाखाली पेशी मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज गटातील विकरे सोडतात आणि ही विकरे कोलॅजेनचे विघटन करतात. याखेरीज इजाग्रस्त सांध्यात प्लाझ्मिन सक्रिय होऊन फायब्रिनची गुठळी विरघळते. ज्या मचाणावर बांधकाम व्हायचे तेच टिकत नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींना ताण देऊन इजा केली असता अग्र क्रुसिएट अस्थिबंधाच्या पेशींमध्ये मेटॅलोप्रोटिनेज-2 ची क्रियाशीलता मध्य पार्श्व अस्थिबंधाच्या पेशींपेक्षा अधिक वाढते, असे 2005 मधील एका अभ्यासात दिसून आले.

एवढ्यावरून ‘दाह हाच शत्रू’ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु याच पातळीवर दुसऱ्या दिशेने जाणारा पुरावाही आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी 2011 साली उंदरांमध्ये इजेपूर्वी महाभक्षी पेशी (मॅक्रोफेज) औषधाने कमी केल्या आणि मग मध्य पार्श्व अस्थिबंधाला इजा केली. दाहाची प्रमुख पेशी कमी असल्याने अस्थिबंध अधिक चांगला भरून यावा, अशी अपेक्षा वरील मांडणीतून निघते. प्रत्यक्षात सुरुवातीच्या आंतरपेशीय द्रव्याची निर्मिती घटली आणि अस्थिबंधाची ताकद कमी राहिली.

या विसंगतीचा उलगडा महाभक्षी पेशींच्या बदलत्या भूमिकेत आहे. प्रारंभी त्या मृत पेशी व तुटलेले तंतू साफ करतात आणि दाह वाढवणारे संकेत सोडतात. नंतर त्यांचे रूप पालटते व त्या दुरुस्तीला अनुकूल संकेत देऊ लागतात. साफसफाई झाली नाही तर दुरुस्तीही रखडते. म्हणून दाहाविषयी केवळ ‘किती’ असे विचारणे पुरेसे नाही. ‘केव्हा’, ‘कोठे’ आणि ‘किती काळ’ हे प्रश्नही तितकेच आवश्यक आहेत.

५. औषधांविषयीचा परस्परविरोधी पुरावा

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील डॅनर्स व सहकाऱ्यांचे दोन अभ्यास एकत्र वाचण्यासारखे आहेत. 1988 च्या अभ्यासात उंदरांच्या मध्य पार्श्व अस्थिबंधावर पायरॉक्सिकॅम या दाहशामक औषधाचा परिणाम तपासला गेला. औषध दिलेल्या प्राण्यांचे अस्थिबंध दोन आठवड्यांनी अधिक मजबूत आढळले. 2001 च्या अभ्यासात त्याच प्राण्यात, त्याच अस्थिबंधावर सेलेकॉक्सिब या निवडक विकररोधक औषधाची चाचणी झाली. इजेनंतरचे पहिले सहा दिवस औषध दिले आणि चौदाव्या दिवशी ताकद मोजली, तेव्हा ती औषध न दिलेल्या गटापेक्षा सुमारे 32 टक्के कमी निघाली.

दोन्ही औषधे सामान्य बोलीत ‘सूज उतरण्याची गोळी’ या एकाच नावाखाली येतात, परंतु परिणाम मात्र परस्परविरुद्ध आहेत. यावरून ‘वेदनाशामके अस्थिबंधाला मारक आहेत’ असेही सिद्ध होत नाही आणि ‘ती उपकारक आहेत’ असेही नाही. एवढेच म्हणता येते की ‘दाहशामक’ हा वर्ग या प्रश्नापुरता एकजिनसी नाही. शिवाय दोन्ही अभ्यास उंदरांच्या पार्श्व अस्थिबंधावरचे आहेत. त्यांचा हवाला देऊन माणसाच्या क्रुसिएट अस्थिबंधाविषयी विधान करणे म्हणजे दोन पायऱ्या न पाहता उतरण्यासारखे आहे. अनेक परिचयात्मक लेखांत नेमके हेच घडते.

६. मानवी अभ्यासांची चिकित्सा

*६.१ दाह शमवण्याचे प्रयोग.* इंटरल्यूकिन-1 ला अडवणाऱ्या ॲनाकिन्रा या औषधाची एक छोटी यादृच्छिक चाचणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. सहभागी केवळ 11 होते. इजेनंतर लवकर सांध्यात औषध दिलेल्यांना पहिल्या पंधरवड्यात वेदना कमी होण्याच्या दृष्टीने लाभ दिसला. लॅटरमन व सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 49 रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन सांध्यात दिले गेले. औषध न मिळालेल्या गटात कूर्चेच्या विघटनाचा एक निर्देशक लक्षणीय वाढला, तर औषध मिळालेल्या गटांत तसे झाले नाही. रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या त्रासात मात्र ठळक फरक आढळला नाही.

या दोन्ही अभ्यासांचे मूल्य आहे. पण त्यांनी अस्थिबंधाचे सांधणे मोजलेच नाही. दुसऱ्या अभ्यासातील रुग्णांवर तर पुढे पुनर्रचना-शस्त्रक्रिया होणार होती, म्हणजे मूळ अस्थिबंधाची जागा कलम घेणार होते. ‘दाह शमवल्याने कूर्चेचे रक्षण होऊ शकते’ हा निष्कर्ष ‘दाह शमवल्याने अस्थिबंध भरून येतो’ असा वाचणे ही या क्षेत्रातील सर्वांत वारंवार आढळणारी गल्लत आहे. कूर्चा आणि अस्थिबंध एकाच द्रवात असले तरी त्यांच्या गरजा एक असतीलच असे नाही.

*६.२ मचाण पुरवण्याचे प्रयोग.* तुटलेला अस्थिबंध शिवण्याचा प्रयत्न जुना आहे. लीड्सच्या मेयो रॉबसन यांनी 1895 मध्ये क्रुसिएट अस्थिबंध शिवले होते. परंतु अमेरिकी लष्करी अकादमीतील छात्रांवरील फिगिन व कर्ल यांच्या 1976 च्या पाच वर्षांच्या पाठपुराव्यात शिवलेल्या गुडघ्यांपैकी बहुसंख्य अस्थिर वा पुन्हा इजाग्रस्त आढळले आणि केवळ शिवण्याची पद्धत मागे पडली. त्यानंतर स्नायुरज्जूचे कलम बसवणारी पुनर्रचना हीच प्रमाण मानली गेली.

मरे यांच्या गटाने प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला. गुठळी विरघळत असेल तर तिला टिकवणारे मचाण द्यावे, अशी त्यांची भूमिका होती. गायीच्या कोलॅजेनपासून केलेला स्पंजसारखा तुकडा रुग्णाच्याच रक्ताने भिजवून दोन टोकांच्या मध्ये ठेवायचा, ही ‘बेअर’ पद्धत. 100 रुग्णांवरील यादृच्छिक चाचणीचे निकाल 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी रुग्णांचे अनुभव व गुडघ्याचा सैलपणा या दोन कसोट्यांवर ही पद्धत कलमाच्या तुलनेत कमी ठरली नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली. मात्र त्याच गुडघ्यावर पुन्हा शस्त्रक्रिया लागणाऱ्या इजेचे प्रमाण नव्या पद्धतीत 14 टक्के व कलमाच्या गटात 6 टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाला नाही. तरीही एवढ्या लहान नमुन्यात ‘फरक सिद्ध झाला नाही’ याचा अर्थ ‘फरक नाही’ असा घेता येत नाही.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने या प्रयोगाचा अर्थ असा : येथे दाह शमवण्याचे औषध वापरलेले नाही. उलट रक्त, म्हणजेच बिंबाणू व पांढऱ्या पेशी, मुद्दाम त्या जागी टिकवून ठेवले आहे. दाहयुक्त सांध्यातही पूल बांधला जाऊ शकतो. दाहाची उपस्थिती हा एकमेव अडथळा असता, तर हे घडले नसते.

*६.३ शस्त्रक्रियेशिवाय सांधणे.* स्वीडनमधील ‘कॅनन’ चाचणी (2010) 121 तरुण, सक्रिय प्रौढांवर झाली. लगेच शस्त्रक्रिया केलेला गट आणि आधी व्यायामोपचार, गरज पडल्यास नंतर शस्त्रक्रिया असा दुसरा गट यांत दोन वर्षांनी रुग्णांच्या अनुभवात अर्थपूर्ण फरक आढळला नाही. याच चाचणीतील एम.आर.आय. प्रतिमांचे फिल्बे व सहकाऱ्यांनी केलेले पुनर्विश्लेषण 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या गटातील दोन वर्षांपर्यंत शस्त्रक्रिया न झालेल्या 30 जणांपैकी 16 जणांच्या, म्हणजे 53 टक्के रुग्णांच्या, अस्थिबंधात सातत्य दिसले.

येथे छेद कोणता घेतला आहे हे पाहणे आवश्यक आहे. ज्यांचा गुडघा अस्थिर राहिला त्यांपैकी अनेकांनी मधल्या काळात शस्त्रक्रिया करून घेतली आणि ते या 30 मध्ये नाहीत. दुसऱ्या गटातील सर्व 54 उपलब्ध रुग्ण धरले तर प्रमाण 30 टक्क्यांवर येते. 53 हा आकडा उद्धृत करून 30 चा उल्लेख टाळणे ही दिशाभूल होय. परंतु 30 टक्के हेही शून्य नव्हे. ‘तो कधीच सांधत नाही’ या विधानाला एवढा पुरावा पुरेसा छेद देतो.

ऑस्ट्रेलियातून 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 80 रुग्णांचा गुडघा चार आठवडे 90 अंशांत वाकवून पट्ट्यात ठेवला आणि बाराव्या आठवड्यापर्यंत हालचाल क्रमाक्रमाने मोकळी केली. तीन महिन्यांनी 90 टक्के रुग्णांत एम.आर.आय.वर सांधण्याची चिन्हे होती. या पद्धतीमागील तर्क यांत्रिक आहे : गुडघा वाकवला की दोन टोके जवळ येतात. सांध्याचे रासायनिक पर्यावरण तेच, फक्त अंतर कमी. या अभ्यासाला तुलनेचा गट नव्हता आणि 14 टक्के रुग्णांत अस्थिबंधाला पुन्हा इजा झाली. त्यामुळे ‘पट्ट्याने अस्थिबंध सांधतो’ असा निर्णय आज देता येत नाही. तरीही अंतर व हालचाल हे घटक दाहाइतकेच निर्णायक असू शकतात, एवढे त्यावरून सूचित होते.

७. ‘भरून आले’ म्हणजे काय?

वरील अभ्यासांत ‘भरून येणे’ हा एकच शब्द निदान चार अर्थांनी आला आहे. पेशीशास्त्रज्ञाला त्यातून कोलॅजेनची निर्मिती अभिप्रेत आहे. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्याला ताण सहन करण्याची क्षमता. प्रतिमाविशारदाला अखंड रेषा. आणि रुग्णाला पुन्हा न लचकणारा गुडघा. हे चारही अर्थ नेहमी एकत्र येत नाहीत. एम.आर.आय.वर अखंड दिसणारा अस्थिबंध पातळ वा सैल असू शकतो. दीर्घकालीन फलित हा पाचवा अर्थ तर बहुतेक अभ्यासांच्या कालमर्यादेबाहेरच राहतो. अशा इजेनंतर दहा ते वीस वर्षांत सरासरी निम्म्या रुग्णांमध्ये संधिझीज आढळते, असे 2007 मधील एका बहुचर्चित समीक्षेत म्हटले आहे. तीन महिन्यांचे वा दोन वर्षांचे निकाल वाचताना ही पार्श्वभूमी विसरून चालत नाही. लांबलेल्या दाहाचा खरा हिशेब कदाचित अस्थिबंधात नसून कूर्चेत मांडावा लागेल.

८. परिभाषेचा प्रश्न

मराठीत या प्रक्रियेसाठी ‘दाह’ आणि ‘शोथ’ हे दोन शब्द रूढ आहेत. बोलीत ‘सूज’ चालतो. ‘दाह’ म्हटले की जळणे आणि म्हणून विझवणे हेच मनात येते. ‘सूज’ म्हटले की ‘उतरवणे’ ओघानेच येते. शब्द उपचार सुचवतो, तो असा. सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. कच्चा शोथ अज्ञानाने छेदणारा आणि पक्वाची उपेक्षा करणारा अशा दोन्ही वैद्यांना तेथे दोष दिला आहे. तो संदर्भ गळवाचा आहे, अस्थिबंधाचा नाही, आणि आधुनिक पेशीविज्ञान त्यात शोधणे गैर ठरेल. परंतु शोथ ही अवस्थांतून जाणारी प्रक्रिया आहे व हस्तक्षेपाला योग्य काळ असतो, ही जाणीव आपल्या परिभाषेत आधीपासून आहे, एवढे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही.

क्रीडावैद्यकातील संक्षेपांचा प्रवासही हेच सांगतो. विश्रांती, बर्फ, दाब व उंचावणे हे सूत्र गेब मर्किन यांनी 1978 मध्ये रूढ केले. पुढे 2014 च्या सुमारास त्यांनीच बर्फामुळे भरून येणे लांबू शकते, अशी भूमिका घेतली. 2019-20 मध्ये ब्रिटिश क्रीडावैद्यक नियतकालिकातून मांडलेल्या नव्या सूत्रात दाहशामके टाळण्याची सूचना आली. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाण्याची ही घाईही चिकित्सेस पात्र आहे, कारण क्रुसिएट अस्थिबंधापुरता मानवी पुरावा दोन्ही बाजूंनी तोकडाच आहे.

९. निष्कर्ष

१. अग्र क्रुसिएट अस्थिबंध ‘कधीच सांधत नाही’ हे विधान आजच्या पुराव्यावर टिकत नाही. तो क्वचित, अनिश्चितपणे व अनेकदा अपुरा सांधतो, असे म्हणणे अधिक अचूक आहे.

२. सांध्यातील दाह हे न सांधण्याचे एक कारण आहे, एकमेव नव्हे. गुठळीचे विरघळणे, टोकांमधील अंतर व हालचाल हे घटक त्याच्याशी गुंतलेले आहेत.

३. प्रारंभीचा दाह दुरुस्तीला आवश्यक आणि लांबलेला दाह विघातक, ही मांडणी उपलब्ध पुराव्याशी सर्वाधिक सुसंगत आहे. मात्र या दोहोंमधील काळाची सीमारेषा माणसात निश्चित झालेली नाही.

४. दाह शमवण्याचे मानवी प्रयोग कूर्चेविषयी काही सांगतात, अस्थिबंधाच्या सांधण्याविषयी नाही. या दोन फलितांची गल्लत टाळली पाहिजे.

५. महाविद्यालयीन क्रीडाविभागात मनाने वेदनाशामक गोळ्या देण्याघेण्याची सवय आणि ‘आता ऑपरेशनच’ हा तत्काळ निर्वाळा, दोन्ही सोडून द्यावेत. जखमी खेळाडूची तज्ज्ञाकडून वेळेत तपासणी व्हावी. उपचाराचे पर्याय कोणते, त्यांपैकी कोणत्याचा पुरावा किती काळाचा, हे विचारण्याइतकी माहिती त्याला व त्याच्या पालकांना मिळावी. निर्णय वैद्यकाचा असला तरी प्रश्न विचारण्याची सवय लावणे हे अध्यापकाचे काम आहे.

कबड्डीसारख्या देशी खेळांतील गुडघ्याच्या इजांचा दीर्घ पाठपुरावा क्रीडा, वैद्यक व जीवशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन केल्यास, ज्या प्रश्नांसाठी आज आपण स्वीडन व ऑस्ट्रेलियातील आकड्यांवर अवलंबून आहोत त्यांची उत्तरे आपल्या खेळाडूंच्या संदर्भात तपासता येतील.